वारा पडतो तेव्हा: विंडसर्फिंगच्या वेगधावांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीपीएस दंडाला बांधून सपाट पाण्यावर वेगाचा आकडा काढायला निघालेल्यांसाठी हे पान आहे. विंडसर्फिंग नुकतंच शिकायला लागलेल्यांना यातलं बरंचसं आत्ता लागणार नाही. जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याबद्दलचा प्रश्न मात्र त्यांनीही वाचावा. वाऱ्याचा आणि बोर्डाचा वेग सगळीकडे नॉटमध्ये दिला आहे. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर.

वारा चारच नॉट उतरला. मग बोर्ड एकदम का बसला?

शिडावरचा जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. २० चा वारा १६ झाला की आकड्यातला पाचवा हिस्सा गेला असं वाटतं, पण जोर ६४ टक्क्यांवर आलेला असतो. एक तृतीयांशाहून जास्त ताकद गेली.

दुसरी भानगड प्लेनिंगची. बोर्ड पाणी ढकलत चालायचा थांबून पाण्यावरून घसरायला लागतो, त्याच्या जरा आधी पाण्याचा विरोध उसळतो. तो टप्पा ओलांडायला जितका वारा लागतो, त्याहून बराच कमी वारा पुढे प्लेनिंगवर टिकून राहायला पुरतो. म्हणून वारा उतरत असताना बराच वेळ काही बिघडल्यासारखं वाटत नाही. बोर्ड पळत असतो, आकडे दोन-तीन नॉट कमी येतात, इतकंच. मग एखादी जाइब (वारा पाठीशी घेत उलट दिशेला वळणं) फसते, बोर्ड बसतो आणि त्याच वाऱ्यात पुन्हा उठायला तयार नसतो. आपण किनाऱ्यावर येऊन सांगतो की वारा अचानक गेला. तो अर्धा तास जातच होता.

धावेच्या मध्येच वारा समोरून आल्यासारखा का वाटतो? दिशा बदलते का?

बहुतेक वेळा नाही. शिडाला लागतो तो खरा वारा आणि तुमच्या स्वतःच्या वेगामुळे समोरून येणारी हवा यांचा मिळून झालेला सापेक्ष वारा. एकदा आकडे मांडून बघाच, कारण या खेळातल्या निम्म्या तक्रारींचं उत्तर यात आहे.

खरा वारा २० नॉट, तुमचा वेग ३० नॉट, आणि तुम्ही वाऱ्यापासून १२० अंशांवर, म्हणजे ब्रॉड रीचवर पळताय असं धरा. सापेक्ष वारा साधारण साडेसव्वीस नॉट येतो आणि बोर्डाच्या नाकापासून सुमारे ४१ अंशांवरून लागतो. आता खरा वारा १५ वर आला, पण तुमचा वेग अजून ३० च आहे. सापेक्ष वारा सुमारे २६ नॉट. म्हणजे जोरात जवळपास फरक नाही! पण तो आता ३० अंशांवरून येतोय. चेहऱ्याला वारा तितकाच लागतो, कानात आवाज तितकाच असतो, आणि शीड मात्र पुढे ओढायचं सोडून आडवं ओढायला लागतं.

म्हणूनच पोकळीत, म्हणजे वारा पडलेल्या जागेत, शिरल्याची पहिली खबर कानाला नाही, मागच्या हाताला लागते. मागचा हात हलका होतो, कमरेला शिडाशी जोडणाऱ्या हार्नेसच्या दोऱ्या क्षणभर सैलावतात, बूम (शीड धरायची आडवी दांडी) आपल्याकडे आल्यासारखी वाटते. दुसरी खूण पायापाशी दिसते. वेगात असताना बोर्डाच्या कडेवरून उडणारं पाणी मागच्या पायाच्या आसपास सुटतं. वेग उतरला की ते पुढे सरकत पुढच्या पायपट्ट्याकडे, मग डोलकाठीच्या पायापर्यंत येतं. ते तिथे आलं की ती धाव गेली समजा.

मग त्या क्षणी करायचं काय?

पोकळी दोन-तीन सेकंदांची असेल तर काहीही करू नका. तुमचं आणि सामानाचं मिळून शंभरेक किलो वजन वेगात आहे, ते लगेच थांबत नाही. कंबर खाली, वजन हार्नेसमधून डोलकाठीच्या पायावर, शीड बंद (म्हणजे त्याची खालची कड बोर्डाला टेकलेली), नजर पुढच्या झोतावर. घाबरून शीड उघडझाप करणारा जितका वेग गमावतो, तितका पोकळीमुळे जात नाही.

लांबली तर थोडं वाऱ्याकडे वळा, म्हणजे चढा. वरच्याच उदाहरणात, १५ च्या वाऱ्यात १२० ऐवजी ११० अंशांवर आलात तर सापेक्ष वारा २६ वरून साडेअठ्ठावीसवर जातो, म्हणजे जोर वीसेक टक्के वाढतो. उलट वाऱ्यापासून दूर वळून १३० अंशांवर उतरलात तर तो साडेतेवीसच्याही खाली येतो. झोत आला की उतरायचं, पोकळीत चढायचं, एवढंच सूत्र. नवखे नेमकं उलटं करतात, कारण वेग पडायला लागला की अजून खाली वळून तो वाचवावासा वाटतो.

इथे एक अडचण आहे. वेगाची चांगली पट्टी बहुतेकदा वाळूच्या दांड्याला किंवा बांधाला लागून असते आणि तो दांडा वाऱ्याच्या बाजूला असतो. त्याला अगदी खेटून पळालात तर सपाट पाणी मिळतं, पण वर चढायला जागाच उरत नाही. वारा उतरायला लागला की धावेची सुरुवात दोन-चार मीटर बाहेरून करा. पाणी थोडं खडबडीत मिळेल, पण बोर्डाखालची फिन वाळूत रुतणार नाही.

वारा जाणार हे आधी कसं ओळखायचं?

पाण्याकडे बघून. पण आपल्या पायाखालच्या नव्हे, वाऱ्याच्या बाजूला अर्धा-एक किलोमीटर लांबच्या.

ब्यूफोर्टच्या मोजपट्टीत ५ म्हणजे १७ ते २१ नॉट, तेव्हा पाणी पांढऱ्या तुऱ्यांनी भरलेलं असतं. ४ म्हणजे ११ ते १६, तुरे बरेच दिसतात. ३ म्हणजे ७ ते १०, तुरे विरळ, तुरळक. तुऱ्यांमधलं अंतर वाढतंय का, हे दर दोन-तीन फेऱ्यांनी मान वळवून पाहायचं. लाटा वाऱ्यापेक्षा उशिरा बसतात, म्हणून लाटांची उंची काही सांगत नाही. सांगतात ते तुरे, आणि झोताबरोबर पाण्यावर सरकणारे गडद ठिपके. ठिपके लहान होत गेले, त्यांच्यातली फिकी, चकचकीत जागा वाढत गेली, की वारा तुटायला लागला. सरासरी अजून टिकलेली असते, पण आधी खालची पातळी जाते.

बाकी खुणा:

- तुमच्याहून जड लोक आधी बसतात. किनाऱ्यावरचा सगळ्यात वजनदार गडी पाण्यात उभा दिसला की तुमच्याकडे फार वेळ नाही.
- शेवटच्या तीन धावांत कमाल वेग टिकला, पण दहा सेकंदांचा सरासरी वेग पडला. झोत आहेत, पण आखूड झालेत.
- परतीच्या बाजूला, जिथे एरवी तुम्ही आरामात वर चढता, तिथे उंची (वाऱ्याच्या बाजूला कमावलेलं अंतर) गमावायला लागलात. मला ही खूण सगळ्यात भरवशाची वाटते. वेगाच्या दिशेला आपण झोत निवडून निघतो, परतीला जो असेल तो वारा घ्यावा लागतो.

दुपारी छान वाहणारे खारे वारे संध्याकाळी का मरतात?

जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते, समुद्रावरची गार हवा तिची जागा घ्यायला आत येते. वाऱ्याचं इंजिन म्हणजे जमीन आणि पाणी यांच्या तापमानातला फरक. ऊन कललं की फरक घटतो आणि इंजिन बंद पडतं. रात्री तेच उलटं चालतं आणि मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, पण त्यांच्यात वेगधावेइतका दम क्वचितच असतो.

भर दुपारी खारे वारे कोसळले तर मान वर करा. उंचावरच्या पातळ ढगांची चादर जमिनीवर आली असेल तर तापमान घटायला वेळ लागत नाही. समुद्रावर लख्ख ऊन असलं तरी उपयोग नाही, ऊन जमिनीवर हवं.

आणखी एक गोष्ट. पृथ्वीच्या फिरण्यामुळे खारे वारे दिवसभरात हळूहळू वळतात, उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, दक्षिणेत उलट. सकाळी पट्टीला १२० अंशांनी बसणारा वारा दुपारी १०० किंवा १४० ने बसायला लागतो. जोर तोच, कोन गेला. अशा वेळी शीड बदलण्यापेक्षा पट्टी बदलणं बरं.

खारे वारे नाहीत, दाबाच्या फरकाने येणारा मोठा वारा आहे. तोही सूर्य मावळता मावळता का बसतो?

हे अनेकांना पटत नाही, कारण नकाशावर समभार रेषा तितक्याच दाट असतात. दिवसा तापलेल्या जमिनीमुळे हवा खालीवर घुसळत राहते आणि वरचा वेगवान वारा खाली उतरतो. संध्याकाळी जमीन गार झाली की तिला लागून गार, जड हवेचा थर बसतो आणि घुसळण थांबते. वारा वर कुठेतरी वाहतच असतो, कधी कधी दिवसापेक्षाही जोरात, पण तुमच्या शिडापर्यंत पोचत नाही. जमिनीवरून येणाऱ्या वाऱ्याला हा फटका जास्त बसतो, खुल्या समुद्रावरून येणाऱ्याला कमी.

मनोऱ्यावरचा मापक १८ दाखवतो आणि मी पाण्यात उभा आहे. मापक खोटा का?

नाही. मापकाची प्रमाणित उंची १० मीटर, तुमच्या शिडाचा मध्य पाण्यापासून जेमतेम दोनेक मीटरवर. खुल्या पाण्यावर नेहमीच्या हवेत तिथे साधारण १५ टक्के वारा कमी असतो. म्हणजे १८ चे १५ झाले. संध्याकाळी हवा थरांत बसली की हा फरक आणखी वाढतो. शिवाय मापक झोताचा आकडा दाखवतोय की सरासरीचा, हे बघितलंत का?

हवेचं तापमानही यात येतं. शून्य अंशाच्या आसपासची हवा ३० अंशांच्या हवेपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त जड असते. तोच १८ चा वारा हिवाळ्यात शीड फाडायला उठतो आणि उन्हाळ्यात ढिला वाटतो.

अंदाजात संध्याकाळपर्यंत २० नॉट होते. अंदाज चुकला की मी?

अंदाजाचं प्रतिमान जगाचे चौकोन पाडतं. युरोपीय हवामान केंद्राच्या जागतिक प्रतिमानात हे चौकोन सुमारे ९ किलोमीटरचे असतात, अमेरिकी जीएफएसमध्ये १३ च्या आसपास. तुमची पट्टी ६०० मीटरची. मागची टेकडी, झाडांची रांग, खाडीचं तोंड यातलं काहीच त्या चौकोनाला दिसत नाही. एका जागी वर्षभर टिपणं ठेवली तर कोणत्या दिशेच्या वाऱ्यात अंदाज किती फुगतो हे कळायला लागतं. त्याहून चांगला उपाय माझ्या माहितीत नाही. तीन ॲप उघडून त्यातला सगळ्यात मोठा आकडा खरा मानणं हा उपाय नव्हे, जरी आपण सगळे तेच करत असलो तरी.

एक सवय मात्र लावून घ्या: सलग अंदाजांमध्ये वारा संपायची वेळ पुढे सरकतेय की मागे, ते बघायचं. जीएफएस दिवसातून चारदा नव्याने चालतं. प्रत्येक वेळी वारा तासभर लवकर संपताना दिसला तर पाण्यावर तो त्याहूनही लवकर संपेल असं धरून निघा.

वारा पुन्हा येईल म्हणून थांबावं का?

कशामुळे गेला यावर ठरवा.

पावसाची सर जवळून गेली असेल तर थांबा. सरीच्या पुढे गार हवेचा जोरदार झोत पसरतो, मग सरीखाली आणि मागे वारा ठप्प होतो. ढग पुढे गेला की मूळ वारा बहुतेकदा परततो. सरीपुढच्या त्या झोतात आयुष्यातली उत्तम धाव मिळू शकते हे खरं, पण विजा दिसत असतील तर पाण्यात हातात कार्बनची डोलकाठी धरून उभं राहू नये.

शीत आघाडी ओलांडून गेली असेल तर वारा थांबेल आणि दुसऱ्या दिशेने येईल. तुमच्या पट्टीला ती दिशा चालते का ते आधीच माहीत हवं. बऱ्याचदा चालत नाही आणि लोक तासभर गाडीत बसून राहतात, दहा मिनिटांवरची दुसरी पट्टी मोकळी असताना.

ऊन कललं म्हणून गेला असेल, किंवा कमी दाबाचं क्षेत्र दूर सरकून समभार रेषा विरळ झाल्या असतील, तर आवरा.

मोठं शीड लावलं तर दिवस वाचेल का?

आधीच तयार करून ठेवलेलं असेल तर कदाचित. वारा उतरताना पाण्याबाहेर येऊन कॅम्बरवालं (शिडाला पोट देणारे तुकडे बसवलेलं) शीड बांधायला घेतलंत, तर १५–२० मिनिटं गेली आणि तेवढ्यात वारा आणखी उतरला. मग नवं शीडही लहानच पडतं. सामान उतरवतानाच दोन शिडं बांधायची, दुसरं सावलीत, घट्ट दाबून ठेवायचं. कंटाळा येतो, खरंय.

दोन शिडांतला फरकही नीट असू द्या. ढोबळ हिशेब असा की शिडाचं क्षेत्रफळ गुणिले वारा साधारण सारखं राहतं. २४ नॉटला ६.२ चौरस मीटरचं शीड छान बसत असेल तर २० नॉटला साडेसातच्या जवळ लागेल. ५.६ वरून ६.२ वर गेल्याने दोन-अडीच नॉट भरून निघतात, तेवढा तर दोन झोतांतलाच फरक असतो.

शीड न बदलता काही करता येतं?

थोडंफार. डाउनहॉल (शीड खाली ताणणारी दोरी) सेंटीमीटरभर सोडा आणि आउटहॉल (शीड बूमच्या टोकाकडे ताणणारी दोरी) सैल करा, म्हणजे शीड पोटात भरेल आणि कमी वाऱ्यात जास्त ओढेल. वरची कड फडफडायची कमी होईल. डोलकाठीचा पाया जरासा मागे घ्या. फिन दोन-तीन सेंटीमीटर मोठी लावा. वेगाच्या छोट्या फिनवर वारा उतरल्यावर वर चढताच येत नाही आणि परतीची अर्धी वाट पाण्यातून चालत कापावी लागते. वजनाचं जाकीट घातलं असेल तर काढा. वारा असताना ते तुम्हाला मोठं शीड पेलायला मदत करतं, वारा गेल्यावर फक्त बुडवतं.

बोर्ड बदलणं मला यापेक्षाही उपयोगी वाटतं. चाळीस-पंचेचाळीस सेंटीमीटर रुंदीच्या बोर्डावर सत्तर-ऐंशी किलोचा माणूस थांबल्यावर तरंगत नाही. पन्नाशीच्या पुढचा स्लॅलम बोर्ड त्याच शिडावर बराच लवकर उठतो. कमाल आकडा थोडा कमी येईल, पण आकडा येईल तरी.

पंपिंग करून, म्हणजे शीड पुन्हा पुन्हा ओढून, बोर्ड उठवून धाव सुरू करू का?

उठवता येईल. पण ज्या वाऱ्यात बोर्ड उठवायला दहा ओढी लागतात, त्या वाऱ्यात पुढे चांगली धाव मिळत नाही, हात मात्र भरून येतात. पंपिंग घरी परतण्यासाठी राखून ठेवा.

पाच धावांची सरासरी काढायची होती. तीन झाल्या आणि वारा गेला. आता?

बरेच जण इथे अडकतात, म्हणून जरा सविस्तर.

जीपीएस वेगधावांमध्ये रूढ प्रकार पुष्कळ आहेत: दोन सेकंदांचा कमाल वेग, दहा सेकंदांच्या पाच उत्तम धावांची सरासरी, ५०० मीटर, सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर, एक तास, दिवसभराचं अंतर, आणि अल्फा. अल्फामध्ये ५०० मीटरच्या आत एक जाइब मारून सुरुवातीच्या जागेपासून ५० मीटरच्या आत परत यायचं. प्रत्येक प्रकार वाऱ्याकडून वेगळी गोष्ट मागतो, आणि वारा उतरताना त्या एकेक करून हातातून जातात.

३० नॉटने सागरी मैल पळायला बरोबर दोन मिनिटं लागतात. दोन मिनिटं पोकळी न पडणारा वारा फक्त जोर असतानाच मिळतो, म्हणून मैल सगळ्यात आधी जातो. ५०० मीटरला त्याच वेगाने ३२ सेकंद लागतात, तो त्यानंतर जातो. दहा सेकंदांत सुमारे १५५ मीटर कापले जातात, त्याला एक चांगला झोत पुरतो. दोन सेकंदांना तर झोताचं टोकही चालतं.

आता लोक करतात काय? हात मोकळे करायला म्हणून आधी कमाल वेगाच्या मागे लागतात, दोन-तीन तास त्यातच जातात आणि मैल ‘शेवटी बघू’ म्हणून ठेवतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. वारा नीट स्थिरावला की पहिल्यांदा मैल, मग ५००, मग दहा सेकंद. झोत तुटक व्हायला लागले की दोन सेकंद, एकेक झोत निवडून. शेवटी मोठं शीड आणि मोठा बोर्ड घेऊन अल्फा, कारण तिथे वाऱ्यापेक्षा जाइब जास्त मोजली जाते.

तुमच्या पाच धावांचं म्हणाल तर हिशेब सरळ आहे. तीन धावा ३४ च्या आणि दोन २८ च्या झाल्या तर सरासरी ३१.६. उरलेल्या दोन धावांसाठी ३० नॉटही मिळाले तर ३२.४. म्हणजे वारा उतरताना नवा उच्चांक शोधण्यापेक्षा त्या दोन कमजोर धावा जरा बऱ्या करणं जास्त फायद्याचं. झोत येईपर्यंत पट्टीच्या सुरुवातीला उभं राहा, आला की निघा. उगाच येरझाऱ्या घालून दमू नका.

मोठ्या विक्रमवीरांचा वारा पडत नाही का?

पडतो ना, आणि त्यांचं आयुष्य वाट बघण्यातच जातं. ५०० मीटरचे अधिकृत विक्रम जागतिक शीडवेग विक्रम परिषद मान्य करते. १९८६ मध्ये पास्कल माका याने फ्युएर्तेव्हेन्तुरा बेटावर ३८.८६ नॉट काढले आणि शिडावरचा सर्वांत वेगवान विक्रम पहिल्यांदा विंडसर्फरकडे आला. त्याआधी तो ३६ नॉटच्या ‘क्रॉसबो २’ या मोठ्या नौकेकडे होता. पुढे फ्रान्समधल्या सेंत-मारी-द-ला-मेरला खास खोदलेल्या कालव्यात मिस्त्राल या तिथल्या जोरदार वाऱ्यावर विक्रम होत राहिले. अंत्वान आल्बो याने २००८ मध्ये तिथे ४९.०९ नॉट काढले. नंतर त्यानेच नामिबियातल्या ल्युडरिट्झच्या कालव्यावर २०१२ मध्ये ५२.०५ आणि २०१५ मध्ये ५३.२७ नॉट नोंदवले.

या वेगाने ५०० मीटर कापायला १८ सेकंद लागतात. त्या १८ सेकंदांसाठी माणसं ल्युडरिट्झला आठवडेच्या आठवडे तळ ठोकून बसतात, कालवा एका ठराविक दिशेच्या वाऱ्यासाठी खोदलेला असतो आणि तो वारा त्या कोनात हव्या त्या जोराने काही दिवसच वाहतो. तुमचा शनिवार वाया गेला म्हणून रुसण्याआधी हे आठवा.

वारा तसाच आहे असं सगळे म्हणतात, पण माझा बोर्ड मंद झालाय. डोकं फिरलंय का?

भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. वारा १८ नॉट आणि पाण्याचा प्रवाह त्याच्याविरुद्ध २ नॉट असेल तर पाण्यावरच्या बोर्डाला तो २० चा लागतो. भरती-ओहोटी पालटून प्रवाह वाऱ्याबरोबर वाहायला लागला की तोच वारा १६ चा. किनाऱ्यावर काहीच बदललेलं नसतं. गंमत म्हणजे जीपीएस जमिनीच्या तुलनेत वेग मोजतो, त्यामुळे प्रवाह तुमच्याबरोबर असताना आकड्याला थोडी फुकटची मदतही होते. अधिकृत विक्रमांच्या नियमांत प्रवाहावर मर्यादा असते ती यासाठीच.

पाणी वाढून वाळूचा दांडा बुडाला असेल तर लाटा आत येतात, तोही वेग खातो. तेव्हा वाऱ्याला बोल लावू नका.

जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा असताना तो पडला तर?

हा वारा वेगवाल्यांचा लाडका, कारण किनाऱ्याला खेटून पाणी आरशासारखं मिळतं. पडला तर तो सगळ्यात धोकादायक. किनाऱ्याजवळचा वारा आधी जातो, बाहेर तो अजून चालू असतो. म्हणजे तुम्ही बाहेर मजेत पळत असता आणि परतीच्या शेवटच्या तीनशे मीटरमध्ये शीड रिकामं पडतं. खाली छोटा बोर्ड असेल तर त्यावर उभं राहता येत नाही, शीड ओढून उभं करता येत नाही, आणि उरलेला वारा तुम्हाला बाहेरच ढकलतो.

किनाऱ्याला समांतर पट्टी सोडून बाहेर जाऊ नका. तुरे विरळ व्हायला लागले की ‘अजून एक’ न म्हणता आत या. अडकलात तर बोर्ड सोडून पोहायचं नाही, कितीही जवळ वाटलं तरी. बोर्ड पुरेसा तरंगता असेल आणि किनारा आवाक्यात असेल तर आउटहॉल सोडा, बूम काढा, शीड डोलकाठीभोवती गुंडाळा, सगळं बोर्डावर आडवं ठेवून हाताने वल्हवा. बोर्ड बुडता असेल किंवा किनारा लांब असेल तर शीड जोडलेलंच राहू द्या, पाण्यात पडलेलं शीड वाहून जाण्याचा वेग कमी करतं. दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश वर-खाली करणं ही संकटाची आंतरराष्ट्रीय खूण आहे. अंगावर शिट्टी, पाण्यात टिकणाऱ्या पिशवीत फोन, भडक रंगाचं काहीतरी, आणि किनाऱ्यावर एक माणूस ज्याला तुमची परतायची वेळ माहीत आहे. मार लागू नये म्हणून घातलेलं पातळ जाकीट म्हणजे तरंगायचं जाकीट नव्हे. वजनाच्या जाकिटाबद्दल तर बोलायलाच नको.

कमी वाऱ्यासाठी फॉइल (बोर्डाला पाण्यावर उचलणारा, खांबावरचा पंख) घेऊन ठेवावा का?

मजेसाठी, जरूर. दहा-बारा नॉटमध्येही दिवस सत्कारणी लागतो. पण फिनवरच्या वेगाच्या आकड्याशी त्याची तुलना करू नका, आणि उथळ पट्टीवर तर नकोच, त्याचा खांब वाळूत अडकेल.

घरी आल्यावर जीपीएसच्या नोंदीत वारा उतरलेला कसा दिसतो?

धावांचा आलेख वेळेप्रमाणे लावा आणि कमाल वेगाच्या शिखरांकडे न बघता दोन गोष्टी तपासा. एक, प्रत्येक शिखराचा माथा किती रुंद आहे. जोराच्या वाऱ्यात माथा सपाट असतो, वारा तुटायला लागला की टोकदार होतो. दोन, जाइबमधला सगळ्यात कमी वेग. १५–१६ वरून तो ८–९ वर आला त्या घड्याळातल्या वेळेवर खूण करा. आलेखात शिखरं त्यानंतरही थोडा वेळ उंच दिसतात, पण शहाणा माणूस त्याच वेळी पाण्याबाहेर येऊन दुसरं शीड उचलतो.

पडल्यावर उपकरण पाण्याखाली जातं तेव्हा नोंदीत कधी कधी अचाट वेग उमटतो. डॉप्लर पद्धतीने वेग मोजणारी उपकरणं नोंदीसोबत अचूकतेचा अंदाजही देतात. तो वाईट असलेले बिंदू काढून टाका, नाहीतर वारा पडल्यावर पोहत असतानाचा ४१ नॉटचा विक्रम तुमच्या नावावर लागेल.